पाळणा हवा, भोंगा नको: आवाज न सोसणाऱ्या ऑटिस्टिक मुलांसोबत जत्रा, आनंदमेळा आणि थीम पार्क

ऑटिस्टिक मूल आनंदमेळ्याच्या कमानीतून आत शिरतं, कानांवर हात ठेवतं, खाली बसकण मारतं आणि रडायला लागतं. आईवडील कावरेबावरे होतात, त्याला उचलतात आणि बाहेर पडतात. घरी पोचेपर्यंत निकाल लागलेला असतो: ‘ह्याला गर्दी सोसत नाही, पुढच्या वेळी आजीजवळ ठेवू.’ मग धाकटी बहीण बाबांबरोबर आपल्या कोल्हापुरातल्या रंकाळा तलावावर पाळण्यात बसायला जाते आणि मोठा दादा घरात राहतो.

हा निकाल घाईचा आहे असं मला ठामपणे वाटतं. कारण त्याच मुलाला घरातल्या झोपाळ्यावरून उतरवताना सगळ्यांच्या नाकी नऊ येतात. गोल फिरणं, झोके घेणं, घसरणं, पाण्यात डुंबणं या गोष्टींची ओढ कितीतरी ऑटिस्टिक मुलांना इतर मुलांपेक्षा जास्त असते. पाळणा त्याला हवा असतो. नको असतो तो पाळण्याचा भोंगा. या दोन गोष्टी एकमेकींपासून सोडवता येतात का, एवढाच खरा प्रश्न आहे, आणि बऱ्याच प्रमाणात त्या सोडवता येतात.

कान चांगले, मग त्रास कशाचा?

अशा मुलाची श्रवणचाचणी केली की बहुतेक वेळा कान ठणठणीत निघतात. डॉक्टर ‘कानात काही नाही’ म्हणाले की नातेवाइकांना वाटतं, मग हा हट्टच. तो हट्ट नसतो. आवाज कानात शिरल्यावर मेंदूत त्याची निवड होते. कुठल्या आवाजाकडे लक्ष द्यायचं आणि कुठला सोडून द्यायचा, हे मेंदू आपल्या नकळत ठरवतो. पंखा सुरू केला की थोड्या वेळाने त्याची घरघर आपल्याला जाणवेनाशी होते. अनेक ऑटिस्टिक मुलांमध्ये हे सरावणं सावकाश होतं. मेंदूत धोक्याची वर्दी देणारा अमिग्डाला नावाचा भाग असतो. तोच आवाज पुन्हा पुन्हा आला की त्याची खळबळ इतरांच्या मेंदूत लवकर ओसरते, ऑटिस्टिक मुलांच्या मेंदूत ती तितक्या लवकर ओसरत नाही, असं मेंदूच्या चित्रणात दिसून आलं आहे. म्हणजे जनरेटर, तीन स्टॉलवरची तीन गाणी, पिपाणी, फुगे फोडायची बंदूक, कुणाची तरी किंचाळी, यातलं काहीच मागे पडत नाही. सगळं एकाच वेळी, एकाच जोराने आदळत राहतं. छाती धडधडते, घाम फुटतो, पळून जावंसं वाटतं.

अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ साली आपल्या निदानपुस्तिकेची पाचवी आवृत्ती काढली. त्यात आवाज, स्पर्श, उजेड यांना जास्त किंवा कमी प्रतिसाद देणं हे ऑटिझमच्या लक्षणांमध्ये अधिकृतपणे घेतलं गेलं. सगळ्याच ऑटिस्टिक मुलांना आवाजाचा त्रास होतो असं मात्र नाही. काही मुलं उलट स्पीकरला कान लावून उभी राहतात. एकाच मुलाला हलगी आवडते आणि मिक्सर सोसत नाही, असंही दिसतं.

मला सगळ्यात मोलाची वाटते ती एक जुनी नोंद. १९४३ साली अमेरिकेतले बालमनोविकारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी अकरा मुलांची निरीक्षणं प्रसिद्ध केली. ऑटिझमचं वैद्यकीय वर्णन तिथून सुरू झालं असं मानतात. ती मुलं कशाकशाला घाबरायची हे त्यात लिहिलेलं आहे: व्हॅक्यूम क्लीनर, लिफ्ट, वाहतं पाणी, अंडी फेटायचं यंत्र, चालणारी खेळणी, फार काय, वारासुद्धा. पण त्याच ओघात कॅनर सांगतात की भीती मुळात आवाजाची नसावी, कारण तेच मूल स्वतः तेवढाच मोठा आवाज मजेत करतं. त्याला नको असतं ते बाहेरून न विचारता अंगावर येणारं.

ऑटिस्टिक मूल असलेल्या कुठल्याही घरात हे रोज दिसतं. स्टीलचं ताट जमिनीवर आपटत तासभर रमणारं पोरगं कुकरच्या शिट्टीला मात्र घराबाहेर धूम ठोकतं. ताट कधी वाजणार हे त्याच्या हातात असतं. शिट्टी कधी होईल हे त्याला ठाऊक नसतं.

म्हणून काम दोन बाजूंनी करायचं. एक, कानापर्यंत पोचणारा आवाज कमी करायचा. दोन, आवाज कधी येणार, कुठून येणार, किती वेळ टिकणार हे मुलाला आधी कळेल आणि शक्य तिथे तो त्याच्याच हातात राहील, असं बघायचं. आपल्याकडचे पालक पहिलं करतात आणि तिथेच थांबतात. माझ्या मते दुसरं जास्त महत्त्वाचं आहे.

आवाज कमी करायचा म्हणजे नेमकं काय

आवाज डेसिबलमध्ये मोजतात, पण त्याचा हिशेब सरळ बेरजेचा नाही. दहा डेसिबल वाढले की ध्वनीची ऊर्जा दहापट होते आणि आपल्या कानाला तो साधारण दुप्पट मोठा वाटतो. आपल्याकडच्या २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत राहत्या वस्तीसाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. कारखान्यातल्या मोठ्या माणसांसाठी अमेरिकेतल्या कामगार आरोग्य संस्थेने आखलेलं माप असं: ८५ डेसिबल आठ तासांपर्यंत चालतील, पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मी. म्हणजे १०० डेसिबलला फक्त पंधरा मिनिटं. डीजेच्या भिंतीसमोर किंवा मौत का कुआंच्या फळ्यांना टेकून उभं राहिलं तर हा आकडा सहज गाठला जातो, आणि तिथे त्रास सगळ्यांच्याच कानांना होतो. ऑटिस्टिक मूल तो आपल्या आधी बोलून दाखवतं, इतकंच.

उघड्या मैदानात अंतर दुप्पट केलं की आवाज साधारण सहा डेसिबलने उतरतो. स्पीकरपासून दोन मीटरवरून सोळा मीटरवर गेलात की अठरा डेसिबल कमी, तेही एक रुपया न खर्चता. बंदिस्त हॉलमध्ये हे गणित चालत नाही, कारण भिंती आवाज परत फेकतात. त्यामुळे मॉलमधल्या गेम झोनपेक्षा रंकाळ्याची मोकळी चौपाटी पहिल्या भेटीसाठी कितीतरी बरी. स्पीकरची तोंडं कुठल्या दिशेला आहेत ते आत जाण्याआधी बघून घ्या आणि त्यांच्या पाठीमागच्या बाजूने फिरा.

मोठ्या पार्कमध्ये पालकांच्या ध्यानीमनी नसलेली एक जागा असते: स्वच्छतागृह. तिथली हात वाळवायची यंत्रं भिंतीवर नेमकी मुलांच्या कानाच्या उंचीला असतात. कॅनडातल्या नोरा कीगन या मुलीने वेगवेगळ्या उंचीवर त्यांचा आवाज मोजला. काही यंत्रं १०० डेसिबलच्या वर गेली. २०१९ साली तिचा अभ्यास बालरोगशास्त्राच्या नियतकालिकात छापून आला तेव्हा ती तेरा वर्षांची होती. रोलर कोस्टरवर हसणारं मूल स्वच्छतागृहातून किंचाळत बाहेर आलं, तर कारण बहुतेक हेच असतं. आत जाताना कानपट्टा चढवा आणि हात पुसायला पंचा जवळ ठेवा.

कानपट्टा म्हणजे इअरमफ. यात दोन प्रकार आहेत आणि खरेदी करताना बरेच लोक इथेच फसतात. महागड्या नॉइज कॅन्सलिंग हेडफोनमध्ये विजेवर चालणारी यंत्रणा असते. ती जनरेटर किंवा बसच्या इंजिनासारखा सलग, एकसुरी आवाज छान दाबते. अचानक फुटणारा फुगा, शिट्टी, किंचाळी यांच्यापुढे ती तितकी चालत नाही. साधा इअरमफ कान झाकून आवाज अडवतो, बॅटरी लागत नाही, आणि अशा अचानक आवाजांना तोच जास्त कामाचा. आपल्या शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीतले कामगार वापरतात, तीच वस्तू. मात्र मोठ्यांच्या मापाचा घेऊ नका. लहान डोक्यावर तो सैल बसतो आणि फटीतून सगळा आवाज आत येतो. मुलांच्या मापाचे मिळतात. वेष्टणावर किती डेसिबल अडतात तो आकडा असतो, साधारण वीस ते तीसच्या दरम्यान, पण प्रत्यक्षात त्याहून कमीच अडतात. कानात घालायचे फोमचे बोळे लहान मुलांना देऊ नका, ते तोंडात जातात.

ढोल आणि डीजेचा ठोका मात्र कानपट्ट्याने पुरता अडत नाही. जाड सुराचे आवाज पोटात, छातीत हादरे देतात. तिथे लांब जाणं हाच उपाय.

आणि एक इशारा. कानपट्टा दिवसभर, घरात, शाळेत, झोपताना असा सतत घालू नये. कान कायम झाकून ठेवले की साधे आवाजही मोठे वाटायला लागतात. गरजेपुरता घालायचा, गरज संपली की गळ्यात. कधी चढवायचा आणि कधी काढायचा ते मुलानेच ठरवावं. तो त्याच्या हाताशी आहे, एवढ्या भरवशावरच कितीतरी मुलं तो न घालता फिरतात.

आधी ओळख, मग जत्रा

माझा भाचा बोलतो थोडं. त्याला लांबून जायंट व्हील दाखवलं की तो उड्या मारायचा आणि जवळ गेलं की मागे पळायचा. पाळणा सुटताना वाजणारा भोंगा त्याला नको होता. एकदा भर दुपारी, गिऱ्हाईक नसताना, मी पाळणेवाल्या मामांना म्हटलं, “मामा, ह्याला तो भोंगा कुठनं वाजतो ते जरा दाखवा की.” मामा म्हणाले, “ये बाळा, हितं ये. हे बघ, लाल बटण. दाब तू.” भाच्याने एका हाताने कान धरला, दुसऱ्या हाताचं बोट बटणावर ठेवलं आणि दाबलं. दचकला. मामांकडे बघितलं. परत दाबलं. मग कानावरचा हात सुटला आणि तो दाबतच राहिला, शेवटी मामांनीच हात जोडले. त्या दुपारी तो पाळण्यात बसला. खाली आल्यावर पहिली मागणी होती: “बटण.”

कॅनरनी लिहिलं होतं ते हेच. भोंग्याचे डेसिबल तेवढेच होते. फक्त आता तो कुठून येतो ते भाच्याला ठाऊक होतं.

प्रत्येक पाळणेवाला असा भेटेल असं नाही, म्हणून ही ओळख घरापासून सुरू करावी. जिथे जायचं आहे तिथल्या पाळण्यांचे, घसरगुंड्यांचे व्हिडिओ मोबाइलवर दाखवा. आवाज पूर्ण बंद ठेवून सुरुवात करा आणि आवाजाचं बटण मुलाच्या हातात द्या. त्याने वाढवला तर वाढू दे, बंद केला तर बंद. ‘आता सवय झाली असेल’ म्हणून आपण मोठा करायचा नाही. काही घरांत अजून असा समज आहे की आवाजात नेऊन बसवलं की पोर आपोआप निगरगट्ट होतं. होत नाही. धरून बसवलेल्या मुलाची भीती घट्ट होते आणि पुढच्या वेळी ते कमानीपाशीच आडवं पडतं. ऑक्युपेशनल थेरपिस्टकडे जात असाल तर हा सराव त्यांना सांगून, त्यांच्या सल्ल्याने करा.

मग जागेची ओळख. रंकाळ्यावर सकाळी जा, खेळणी झाकलेली असताना. हात लावू द्या. पुढच्या खेपेला आठवड्यातल्या मधल्या वारी, दिवे लागायच्या आत. खोपोलीच्या इमॅजिकासारख्या मोठ्या पार्कला जायचं असेल तर कोल्हापूरहून पाच-सहा तासांचा प्रवास आणि लगेच पार्क हे या मुलांना फार होतं. आदल्या रात्री मुक्काम करा. पार्कला आधी फोन करून थेट विचारा: गर्दी कुठल्या वारी कमी असते, बसायला शांत जागा कुठे आहे, रांगेत उभं राहू न शकणाऱ्या मुलासाठी काय सोय होते. यूडीआयडी कार्ड, म्हणजे सरकारी दिव्यांग ओळखपत्र, असेल तर सोबत ठेवा.

दिवसाचा क्रम चित्रांत करून द्या. कागदावर चार चौकोन: गाडी, झुकझुक गाडी, भेळ, घर. एक झालं की त्यावर काट मारायची. ‘घर’ हा चौकोन सगळ्यात महत्त्वाचा. हे सगळं कधीतरी संपणार आहे हे डोळ्यांना दिसलं की निम्मी धास्ती कमी होते.

आपल्या आषाढातल्या त्र्यंबोली (टेंबलाई) देवीच्या यात्रेत असं वेळापत्रक हातात नसतं. पी ढबाक वाजवत जाणारी मिरवणूक कुठल्या गल्लीतून कधी येईल सांगता येत नाही. अशा वेळी मुलाला मांडीत घेऊन चालू वर्णन करत राहायचं: “लांब हाय… कोपऱ्यावर आलं… आता मोठं होणार… गेलं, गेलं, टेंबलाईला गेलं.” दोन-तीनदा झालं की मूल स्वतःच ‘गेलं’ म्हणायची वाट बघतं.

पार्कमध्ये गेल्यावर लक्ष ठेवायचं ते मुलावर. पावसाळ्यात आपण पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पाणीपातळी बघतो ना, ३९ फूट इशारा आणि ४३ फूट धोका, तसंच हे आहे. पाणी ४३ ला पोचल्यावर सामान हलवायला वेळ उरत नाही, हलवायचं ते ३९ लाच. शिवाय पाऊस थांबला तरी वरचं पाणी येतच राहतं. तसंच मुलाचं: सकाळचा हॉर्न, गाडीतलं ऊन, टोचणारा शर्ट, रांगेतले धक्के, सगळं साठत जातं आणि शेवटी अगदी क्षुल्लक आवाजाला बांध फुटतो. प्रत्येक मुलाची इशारा पातळी वेगळी दिसते. कुणी गुणगुणायला लागतं, कुणाचे कान लाल होतात, कुणी टाचा उचलून चालतं, कुणी ‘घरी कधी?’ हा एकच प्रश्न लावून धरतं. आनंदात हात फडफडवणं वेगळं आणि हे वेगळं. आईला फरक कळतो, बाबांनीही शिकून घ्यावा. खूण दिसली की मूल हसत असलं तरी वीस मिनिटं बाहेर. गाडीत, झाडाखाली, कुठेही. तिकिटाचे पैसे वसूल व्हायला हवेत हा विचार त्या वेळी बाजूला ठेवायचा.

एवढं करूनही बांध फुटू शकतो. त्याला मेल्टडाउन म्हणतात. तो रागाचा थयथयाट नव्हे, कारण मागितलेली वस्तू हातात दिली तरी तो थांबत नाही. अशा वेळी समजावणं, दटावणं, प्रश्न विचारणं सगळं बंद. आपला शब्द हाही आणखी एक आवाजच असतो. गर्दीतून बाजूला न्या, उजेडाकडे पाठ करा, त्याला आवडत असेल तरच घट्ट जवळ घ्या, आणि थांबा. भोवती माणसं जमतात, कुणीतरी ‘लाड जास्त झालेत’ म्हणतं, कुणी दोन फटके सुचवतं. त्यांच्याशी वाद घालायला तेव्हा ताकद नसते, म्हणून एक वाक्य पाठ करून ठेवावं: “काका, त्याला आवाजाचा त्रास होतो, जरा जागा द्या.” कोल्हापूरची माणसं असं सांगितलं की सहसा ऐकतात, आणि मग दुसऱ्यांनाही तेच मागे सारतात.

परदेशातल्या काही पार्कनी यावर रीतसर विचार केला आहे. अमेरिकेत टेक्सासमधल्या सॅन अँटोनिओला २०१० साली मॉर्गन्स वंडरलँड सुरू झालं. ते दिव्यांगांना डोळ्यांसमोर ठेवूनच बांधलेलं आहे आणि दिव्यांगांना तिथे प्रवेश मोफत असतो. पेनसिल्व्हेनियातल्या सेसमी प्लेसला २०१८ साली ऑटिझम केंद्र म्हणून प्रमाणपत्र मिळालं, थीम पार्कमध्ये ते पहिलं. तिथे प्रत्येक खेळण्यापुढे आवाज, उजेड, स्पर्श, वास आणि चव यांचा जोर दहापैकी किती, हे पाटीवर दिलेलं असतं. डिस्नेच्या पार्कमध्ये रांगेत उभं राहू न शकणाऱ्या मुलांना नंतरची वेळ देतात, तोवर ती कुठेही थांबू शकतात.

यातली पाटीची गोष्ट आपण उद्या करू शकतो. चार पालकांनी एक संध्याकाळ रंकाळ्यावर घालवली की प्रत्येक खेळण्याचा कागद तयार होतो: आवाज किती, धक्का किती, दिवे किती, भोंगा सुरुवातीला वाजतो की शेवटी. तो कागद व्हॉट्सअ‍ॅपवर फिरला की पुढच्या घराला अर्धी वाट मोकळी.

बाकीचं काम आयोजकांचं आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ मध्ये ज्या २१ दिव्यांगता आहेत त्यांत ऑटिझम आहे, आणि त्याच कायद्याचं कलम २९ सरकार आणि स्थानिक संस्थांवर दिव्यांगांच्या सांस्कृतिक जीवनाची आणि करमणुकीची जबाबदारी टाकतं. मैदानावर आनंदमेळा लागतो तेव्हा दुपारी पाळणे रिकामेच उभे असतात. त्यातला एक तास, आठवड्यातून एकदा, कमी आवाजाचा ठेवता येईल. महापालिकेला आणि आयोजकाला अर्ज करताना ‘योग्य ते सहकार्य करावे’ एवढ्यावर थांबू नका, त्यातून काही निघत नाही. वार लिहा, वेळ लिहा. गाणी बंद, भोंगे बंद, माइकवरची आरोळी बंद, फुगे फोडायचा स्टॉल त्या तासापुरता बंद, एका कोपऱ्यात ताडपत्रीखाली सहा खुर्च्या, आणि पाळणा सोडण्याआधी पाळणेवाल्याने हात वर करून दाखवायचं, असं एकेक मुद्दा घालून लिहा. खाली जितक्या पालकांच्या सह्या मिळतील तितक्या घ्या, आणि मेळ्याला परवानगी मिळण्याच्या आधीच अर्ज द्या, कारण मांडव उभा राहिल्यावर कुणी काही बदलत नाही.